बाहेरून चावी फिरवू नका, ताई

पत्र:

दादा, नमस्कार. आमच्याकडे २०१८ ची डिझेल पिकअप आहे, १.३ टनी, कॉमन रेलची, म्हणजे डिझेल कॉम्प्युटर सोडतो ती. मालकांच्या मणक्याचं ऑपरेशन झालंय, त्यांना तीन महिने स्टेअरिंग धरायला बंदी आहे, म्हणून मीच चालवते. लायसन कारचं. आजवर हात बसलाय तो घरच्या जुन्या पेट्रोल व्हॅनवर. परवा पहाटे अंगणात उभी राहूनच खिडकीतून हात घातला आणि चावी फिरवली, तर गाडीने उडी मारली आणि गोठ्याच्या भिंतीवर गेली. कालवड दोन फुटांवर बांधलेली. त्यात थंडीत गाडी लवकर धरत नाही, दुपारी मात्र शहाण्यासारखी सुरू होते. मालक म्हणतात हिटर दोनदा दे, शेजारचे म्हणतात एअर फिल्टरपाशी पेट्रोलचं फडकं धर. पुढच्या आठवड्यात टोमॅटो कल्याणला न्यायचेत, म्हणजे माळशेज उतरायचा. सगळे १२० क्रेट भरतात आणि घाटात न्यूट्रल करून डिझेल वाचवतात म्हणे. मला भीती वाटते. ती उगाच आहे का?

– एक वाचक, जुन्नर तालुका

उत्तर:

ताई,

कालवड वाचली हे आधी बरं झालं. भिंत पुन्हा लिंपता येते.

तुम्ही घाटाची भीती धरून पत्र लिहिलंय आणि अंगणातली गोष्ट दोन ओळींत उरकलीय. मला उलटं वाटतं. घाटात माणूस मुळातच जागा असतो. अंगणात, पहाटे, चहा व्हायचा असताना, अंगावर शाल आणि डोक्यात दुधाचा हिशेब, तेव्हाच गाडी माणसाला गाठते. माझ्या डाव्या पायाच्या नडगीवर अजून खूण आहे. वय तेवीस, मामाची डिझेल जीप, आणि आपल्याला गाडी कळते ही गुर्मी. बाहेर उभं राहूनच सेल्फ मारला. जीप गिअरमध्ये होती. पुढचं चाक पायावरून गेलं, वर ज्वारीच्या कणग्या पाडून पुढे चाललेली जीप मामाने धावत जाऊन थांबवली. मामा पायाबद्दल काही बोलला नाही, ज्वारीबद्दल मात्र वर्षभर बोलला.

तुमची व्हॅन असती तर काय झालं असतं? बहुतेक एक गचका देऊन बंद पडली असती. पेट्रोलचं इंजिन मंद फेऱ्यांवर अशक्त असतं. गिअरमध्ये ओझं पडलं की गुदमरतं. डिझेलचं तसं नाही. त्याला ठिणगी लागत नाही. पिस्टन हवा सोळा-सतरा पट दाबतो, त्या दाबाने ती इतकी तापते की तिच्यात फवारलेलं डिझेल आपसूक पेट घेतं. आणि त्याची खरी ताकद खालच्या फेऱ्यांवरच असते, म्हणून तर आपण त्याला माल वाहायला जुंपतो. त्यात भर म्हणजे आयडलला फेरे पडायला लागले की गाडीचा कॉम्प्युटर स्वतःहून थोडं जास्त डिझेल सोडतो, गाडी बंद पडू नये म्हणून. तुमचा पाय ॲक्सिलरेटरवर नाही, तुम्ही गाडीतही नाही, आणि गाडी मात्र भिंतीला टेकल्यावरही पुढे रेटत राहते. भिंत नसून माणूस असता तर काय झालं असतं ते लिहीत नाही.

नुसत्या स्टार्टरच्या जोरावरही पिकअप पहिल्या गिअरमध्ये दोन-चार हात सरकते, इंजिन धरलं नाही तरी. काही गाड्या क्लच दाबल्याशिवाय सेल्फच घेत नाहीत. तुमची तशी नाही, हे भिंतीने सांगितलंच आहे.

आता कुणी म्हणेल, गाडी गिअरमध्ये लावून ठेवलीच कशाला? तर ते बरोबरच केलं होतं. अंगणाला थोडा जरी उतार असेल तर एकट्या हँडब्रेकवर विसंबू नये. गाडीचं तोंड चढाला असेल तर पहिला, उताराला असेल तर रिव्हर्स, आणि चाकाखाली दगड. म्हणजे सकाळी गाडी गिअरमध्येच सापडणार, हे धरूनच तिच्याकडे जायचं.

तेव्हा अंगणातली रीत अशी ठेवा. आधी गाडीभोवती एक चक्कर. थंडीत बोनेटखाली मांजर ऊब धरून झोपतं, चाकाआड कुत्रं असतं, आणि पिकअपच्या मागे बसलेलं पोर आरशात दिसत नाही. बोनेटवर दोन थापा मारा. खाली ऑईलचा किंवा कूलंटचा ताजा डाग आहे का तेही याच चकरेत दिसतं. मग आत बसा, दार लावा, पट्टा लावा. हँडब्रेक ओढलेला आहे ना ते हाताने बघा, डोळ्यांनी नको. क्लच पूर्ण दाबा आणि गिअरचा दांडा डावी-उजवीकडे हलवा; मोकळा डुलला तर न्यूट्रल. क्लच दाबलेलाच ठेवून सेल्फ मारा. गाडी सुरू झाल्यावरही क्लच एकदम सोडायचा नाही, हळूहळू सोडायचा. न्यूट्रलबद्दल चूक झाली असेल तर ती पायाला आधी कळते. चाकाखालचा दगड काढायला कुणी खाली बसलं असेल तर तो माणूस बाजूला होऊन तुमच्या आरशात दिसेपर्यंत गाडी हलवायची नाही. नुसती "या ताई, या" अशी हाक आली म्हणून नाही.

सांगायला याला दोन मिनिटं लागली, करायला अर्धं मिनिट लागतं.

आता थंडीचं. यात दाजींचं बरोबर आहे आणि शेजाऱ्यांचं साफ चूक.

चावी सेल्फच्या अलीकडच्या टप्प्यावर आणली की डॅशबोर्डवर स्प्रिंगच्या वेटोळ्यासारखा पिवळा दिवा लागतो. तो हिटर प्लगचा. प्रत्येक सिलिंडरमध्ये बोटाएवढी एक कांडी असते, ती लालभडक तापते आणि आतल्या गार हवेला गरम करते. रात्रभर आठ-दहा अंशांत उभ्या राहिलेल्या इंजिनात लोखंड इतकं गार असतं की हवा दाबून झालेली उष्णता तेच पिऊन टाकतं. डिझेल फवारलं जातं पण पेटत नाही. म्हणून दिवा विझेपर्यंत थांबायचं, विझला की लगेच सेल्फ मारायचा. फारच गारठा असेल तर चावी मागे घेऊन पुन्हा एकदा हिटर द्यायचा, मग सेल्फ. दाजी म्हणतात ते हेच.

सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर धरू नका. नाही धरली तर चावी सोडा आणि किमान अर्धा मिनिट स्वस्थ बसा. त्या काळात बॅटरी थोडी सावरते आणि स्टार्टरची मोटर थोडी निवते. ॲक्सिलरेटर दाबायची गरज नाही. कॉमन रेलच्या गाडीत किती डिझेल सोडायचं ते कॉम्प्युटर ठरवतो. पाय दाबून सेल्फ मारायची सवय जुन्या पंपाच्या गाड्यांची आहे.

तीन वेळा नाही धरली की चौथ्यांदा नको. कान आणि डोळे वापरा. चावी फिरवल्यावर नुसतं कट-कट होतंय आणि डॅशबोर्डचे दिवे मंदावताहेत, तर बॅटरी उतरलीय किंवा टर्मिनल सैल आहेत किंवा त्यांच्यावर पांढरी-हिरवी बुरशी चढलीय. इंजिन फिरतंय पण रडत-रडत, तरी संशय बॅटरीवरच घ्या. इंजिन चांगलं जोरात फिरतंय, पण सायलेन्सरमधून धुराचा मागमूस नाही, तर डिझेल पोचत नाहीये: फिल्टर तुंबलाय किंवा लाइनमध्ये हवा शिरलीय. आणि जोरात फिरतंय, मागून पांढरा धूर येतोय, पण धरत नाही, तर डिझेल पोचतंय, ऊब कमी पडतेय. म्हणजे हिटर प्लग, नाहीतर त्याला वीज सोडणारा रिले. माझा अंदाज तुमच्या गाडीत हेच शेवटचं आहे, कारण तुम्ही म्हणता दुपारी ती "शहाण्यासारखी" सुरू होते. मेकॅनिककडे जाल तेव्हा "गाडी धरत नाही" एवढंच न सांगता हे सांगा. त्याचाही वेळ वाचेल आणि तुमचे पैसेही.

राहिलं पेट्रोलचं फडकं. शेजाऱ्यांना माझा नमस्कार सांगा आणि त्यांना गाडीजवळ येऊ देऊ नका. आत हिटरच्या कांड्या लाल झालेल्या आहेत. पेट्रोलची वाफ हवेबरोबर आत जाते आणि पिस्टन वर पोचायच्या आधीच, नको त्या वेळी, भडकते. वर येणाऱ्या पिस्टनला वरून घणाचा घाव बसावा तसं होतं. रिंगा तुटतात, पिस्टन फुटतो. तेच कधी उलटं भडकून फडकं धरणाऱ्याच्या तोंडावर येतं. बाजारात मिळणारा स्टार्टिंग स्प्रे त्याच घराण्यातला, हिटरवाल्या इंजिनात तोही नको. पूर्वी ही युक्ती चालायची असं म्हणणारे लोक आहेत. चालायची त्यांचीच आठवण सांगितली जाते.

बॅटरीच उतरली असेल तर शेजाऱ्यांचा दुसरा उपयोग आहे: त्यांचा ट्रॅक्टर. त्याची बॅटरी १२ व्होल्टची असते, तुमचीही १२ व्होल्टची. मोठ्या ट्रकच्या दोन बॅटऱ्या मिळून २४ व्होल्ट होतात, त्यांना हात लावू नका. तुमचा कॉम्प्युटर जळेल. केबल लावायचा क्रम: लाल आधी तुमच्या बॅटरीच्या प्लसला, मग त्यांच्या प्लसला. काळी त्यांच्या मायनसला, आणि तिचं शेवटचं टोक तुमच्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला, बॅटरीपासून लांब. कारण शेवटची जोडणी करताना ठिणगी उडते आणि बॅटरीतून हायड्रोजन निघत असतो. काढताना बरोबर उलट क्रम. बिडी-सिगारेट लांब, आणि हातात काचेच्या बांगड्या असू द्या, पण धातूचं कडं असेल तर उतरवा. ते प्लस आणि लोखंडाच्या मध्ये अडकलं तर कातडीसकट भाजतं.

ढकलून सुरू करायच्या फंदात एकट्याने पडू नका. इंजिन बंद असताना ब्रेकला व्हॅक्यूमची मदत नसते आणि स्टेअरिंग दगडासारखं जड होतं. उतारावर गाडी निघाली आणि इंजिन धरलंच नाही, तर ना धड वळता येतं, ना थांबता.

डिझेलबद्दल एकच: टाकी पाव भागाच्या खाली जाऊ देऊ नका. पार संपली की लाइनमध्ये हवा भरते, ती काढायला हँड पंप मारत बसावं लागतं. आणि रिकाम्या टाकीत रात्रीच्या गारव्याने बाष्प साचून पाणी होतं. फिल्टरच्या बुडाशी स्क्रू असतो, इंजिन बंद करून तो सैल करायचा, डबड्यात आधी पाणी येतं, मग स्वच्छ डिझेल आलं की आवळायचा. फिल्टरपुढच्या जाड पोलादी नळ्यांना मात्र तुम्ही पाना लावायचा नाही, आणि गावातल्या उत्साही पोरांनाही लावू द्यायचा नाही. कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. इंजिन चालू असताना तिथून निघालेली केसाएवढी धार कातडी भेदून आत जाते. दिसायला सुई टोचल्यासारखं दिसतं, आणि हात गमवायची वेळ येते. तसं कधी झालंच तर दुखत नाही म्हणून घरी बसू नका, थेट दवाखाना.

गाडी सुरू झाली. लाल ऑईलचा दिवा दोन-चार सेकंदांत विझला पाहिजे. नाही विझला तर लगेच बंद. अर्धा-एक मिनिट आयडलला राहू द्या, मग निघा आणि पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायाने चालवा. तासभर उभी ठेवून "तापवायची" काही गरज नाही, आणि बंद पत्र्याच्या शेडमध्ये तर अजिबात नाही, धुरात गुदमरायला होतं. सुरू केल्या केल्या घुर्र-घुर्र करणाऱ्यांना मात्र टर्बो, म्हणजे इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा, कधीतरी बिल पाठवतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, इंजिनच्याच ऑईलवर तरंगत. गार ऑईल तिथे पोचायला क्षणभर लागतो. घाट चढून आल्यावर लगेच चावी काढली तर उलट होतं: टर्बो तापलेला, फिरतोय, आणि ऑईल बंद. म्हणून येताना माळशेज चढून मढला चहाला थांबाल तेव्हा एक मिनिट आयडलला ठेवून मग बंद करा.

आता घाट.

न्यूट्रलमध्ये डिझेल वाचतं, हे खरं असतं तर मी तुम्हाला धोक्याबद्दल सांगत बसलो असतो. पण ते खरंच नाही, त्यामुळे काम सोपं आहे. गाडी गिअरमध्ये असते, पाय ॲक्सिलरेटरवरून उचललेला असतो, तेव्हा चाकंच इंजिनला फिरवत असतात आणि कॉम्प्युटर डिझेल पूर्ण तोडतो. थेंबही जात नाही. न्यूट्रल केलं की चाकांचा आणि इंजिनचा संबंध तुटतो, मग इंजिन जिवंत ठेवायला डिझेल जाळावंच लागतं. म्हणजे न्यूट्रलवाला डिझेल जाळून आपला ब्रेक गमावतो. हे त्यांना सांगून बघा. पटणार नाही, पण सांगून बघा.

आणि गमावतो म्हणजे किती? भरलेली पिकअप साधारण तीन टन. उतार पाचशे मीटर धरा. तेवढं वजन तेवढं खाली आणायचं तर जी उष्णता तयार होते, तिच्यात चाळीस-पंचेचाळीस लिटर गार पाण्याला उकळी फुटेल. आंघोळीचे दोन बंब. ही सगळी ऊब कुठेतरी जायला हवी. गिअरमध्ये असाल तर तिचा बराच वाटा इंजिन घेतं. न्यूट्रलमध्ये असाल तर ती सगळी पुढच्या दोन डिस्कांमध्ये आणि मागच्या दोन ड्रममध्ये. लायनर तापून गुळगुळीत होतात, ब्रेक ऑईल उकळतं, त्यात वाफेचे बुडबुडे होतात, आणि बुडबुडा दाबला की नुसता दबतो. पेडल थेट तळाला. म्हणून ब्रेक ऑईल दोन वर्षांनी बदलायचं असतं. ते हवेतलं पाणी शोषतं आणि मग लवकर उकळतं. तुमच्या गाडीचं कधी बदललंय ते दाजींना विचारा. आठवत नसेल तर या आठवड्यातच बदलून घ्या, निघायच्या आधी.

तुमच्यासाठी खास एक गोष्ट. व्हॅनवर तुम्ही उतारावर तिसरा टाकला की गाडी कशी धरून ठेवायची, ते तुमच्या पायात बसलेलं असेल. डिझेलमध्ये तेवढी पकड मिळत नाही. पेट्रोल इंजिनात पाय उचलला की हवेचं दार मिटतं आणि इंजिन ओढाताण करून गाडी अडवतं. डिझेलला ते दार तसं मिटत नाही. त्यामुळे सवयीपेक्षा एक गिअर खालचा घ्या. जुन्या ड्रायव्हर लोकांचा हिशेब असा की जो चढ ज्या गिअरमध्ये चढेल, तो त्याच गिअरमध्ये उतरायचा. माळशेजला भरल्या गाडीने दुसरा, कुठे सरळ पट्टा असेल तर तिसरा. गिअर घाट सुरू व्हायच्या आधी घ्यायचा, वेग वाढल्यावर नाही. तेव्हा तो पडत नाही, आणि न्यूट्रलमध्येच अडकायची वेळ येते.

ब्रेकवर पाय टेकवून ठेवू नका. वेग वाढला की घट्ट दाबा, हवा तेवढा उतरवा, सोडा, त्याला निवू द्या. पुन्हा वाढला, पुन्हा दाबा. जळक्या रबरासारखा वास आला तर सपाट जागा बघून थांबा आणि अर्धा तास बसा. ड्रमवर पाणी ओतू नका, तडकतो. पेडल मऊ लागलं तर पंप मारा, अजून खालचा गिअर घ्या, हँडब्रेक हळूहळू ओढा, आणि काहीच चालेना तर गाडी डोंगराच्या बाजूला घासा. पत्रा गेला तरी चालेल. चावी काढून इंजिन बंद मात्र करायचं नाही. ब्रेकची मदत जाते, स्टेअरिंग जड होतं, आणि चावी बाहेर काढली तर ते लॉकही होतं.

अरुंद जागी समोरून कुणी चढत येत असेल तर उतरणाऱ्याने थांबायचं. २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत तसं लिहिलंय, आणि लिहिलं नसतं तरी शहाणपण तेच आहे. चढावर थांबलेल्या गाडीला पुन्हा निघणं अवघड जातं. धुकं असेल तर खालचा लाइट. चारही इंडिकेटर लावून चालणाऱ्यांचं मला कोडं आहे. ती उभ्या गाडीची खूण आहे, आणि चालत्या गाडीने ती लावली की वळणार कुठे हे सांगायला काही उरत नाही.

आणि १२० क्रेट. ताई, हिशेब तुम्ही स्वतः मांडा. क्रेटमध्ये माल वीस किलो, रिकामा क्रेट दीड-दोन किलो, बावीस धरा. १२० क्रेटचे झाले २६४० किलो. तुमची गाडी १३०० ची. दुप्पट, वर चाळीस किलो. आरसीवर मोकळ्या गाडीचं वजन आणि भरलेल्या गाडीचं एकूण वजन दिलेलं असतं. त्या वजाबाकीत केबिनमधली माणसंही येतात. दोघं असाल तर बावन्न क्रेट. पंचावन्नाला हात जोडायचे. "एवढ्यात परवडत नाही" हे मला माहीत आहे, माझंही शेत आहे. पण भाव धरून दोन खेपा किंवा भाड्याची मोठी गाडी, असा हिशेब एकदा कागदावर मांडून बघा. त्यात दंडही धरा: २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४ कलमात जादा वजनाला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जादा टनाला २,००० आहेत, शिवाय जादा माल तिथेच उतरवायचा. डिसेंबरच्या टोमॅटोच्या भावाने तो किती खेपांचा झाला?

कुणी मागच्या स्प्रिंगमध्ये जादा पाटा टाकून घ्यायला सांगेल, "मग गाडी बसत नाही." गाडी बसत नाही हीच अडचण आहे. बऱ्याच पिकअपना मागच्या ॲक्सलपाशी एक व्हॉल्व्ह असतो, हौदा किती खाली दबलाय त्यावरून तो मागच्या ब्रेकला किती जोर द्यायचा ते ठरवतो. जादा पाट्यांमुळे हौदा दबलाच नाही तर त्याला वाटतं गाडी रिकामी आहे, आणि तो मागचा ब्रेक हलका ठेवतो. माल दुप्पट, ब्रेक रिकाम्या गाडीचा. माल भरताना जड क्रेट केबिनला टेकवून, फाळक्याच्या बाहेर एकही नको. मागे ओझं लटकलं की पुढची चाकं हलकी होतात आणि स्टेअरिंग ऐकत नाही. क्रेटांवर मजूर बायकांना बसवून न्यायचं नाही. त्या "बसतो गं" म्हणाल्या तरी नाही.

लायसनची काळजी करू नका. हलक्या वाहनाच्या लायसनवर साडेसात टनांपर्यंतची मालवाहू गाडी चालवता येते, हे सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये पक्कं केलंय. गाडीचा विमा, फिटनेस आणि लागत असेल तर परमिट मात्र बघून ठेवा.

एक गोष्ट क्वचित घडते, पण तुम्ही गोठ्यासमोर जे पाहिलं तिचीच मोठी बहीण आहे, म्हणून सांगतो. टर्बोचं सील फुटलं तर इंजिन स्वतःचंच ऑईल ओढून जाळायला लागतं. फेरे आपोआप वाढतात, मागून निळसर-पांढऱ्या धुराचा लोट, आणि चावी बंद केली तरी गाडी बंद होत नाही. चावी डिझेल तोडते; गाडी जाळतेय ऑईल. तेव्हा घाबरून उडी मारू नका. गाडी थांबवून हँडब्रेक ओढा, ब्रेक पूर्ण ताकदीने दाबून धरा, सगळ्यात वरचा गिअर टाका आणि क्लच झटकन सोडा. त्या गिअरमध्ये डिझेलही गुदमरतं. जमलं नाही तर सगळ्यांना घेऊन लांब पळा. बोनेट उघडून हात घालायला जाऊ नका.

पुढच्या आठवड्याबद्दल विचाराल तर माझं मत असं: पहिली खेप कल्याणची नको. वीस क्रेट टाकून नारायणगाव करा, मग पन्नास टाकून. उन्हातल्या मोकळ्या शेतात अर्धा दिवस नुसतं चढावर थांबणं-निघणं आणि आरशात बघून मागे घेणं करा. माळशेज एकदा रिकाम्या गाडीने दिवसाउजेडी उतरा आणि चढा, शेजारी दाजी बसलेले चालतील, तोंडाने शिकवायला मणका लागत नाही. पण पट्ट्या बांधून खड्ड्यांतून बसवत न्यायचं का, ते डॉक्टरांना विचारा. मग माल.

भीतीबद्दल विचारलंत. ती उगाच नाही; ती राहू द्या.

उद्या पहाटे आत बसून, क्लच दाबून सेल्फ माराल तेव्हा मुलाला लांब, बाजूला उभं करून सायलेन्सरकडे बघायला सांगा. पांढरा धूर आला की नाही, आणि इंजिन जोरात फिरलं की रडत, एवढं दोन ओळींत कळवा. हिटर प्लगच असेल तर चारही एकदम बदलायला सांगणाऱ्या मेकॅनिकला काय विचारायचं, ते मी पुढच्या पत्रात लिहितो.